पोहोच स्वस्त, बातमी महाग

वृत्तमाध्यमांच्या कामाचे दोन भाग असतात. बातमी मिळवून ती पारखून घेणे हा एक आणि ती लोकांपर्यंत पोहोचवणे हा दुसरा. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हापासून पावणेदोनशे वर्षे मराठीत ही दोन्ही कामे एकाच छपराखाली चालली. त्यांतले पोहोचवण्याचे काम फार खर्चाचे होते. छापखाना, कागद, टपाल, पहाटेच्या गाडीने निघणारे गठ्ठे, गावोगावचे विक्रेते, नाहीतर प्रक्षेपणाचा मनोरा आणि सरकारी परवाना, एवढे सगळे हाताशी असल्याशिवाय बातमी कचेरीबाहेर पडत नसे. ज्याच्याकडे ही यंत्रणा, त्याच्याकडे वाचक आणि श्रोते; आणि जिथे वाचक, तिथे जाहिरातदार. जाहिरातींच्या त्या पैशांतून बातमी मिळवण्याचा खर्च भागत असे. इंटरनेट आणि मोबाइल यांनी पोहोचवण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला. मिळवण्याचा आणि पारखण्याचा खर्च मात्र होता तिथेच राहिला. गेल्या वीस वर्षांत वृत्तपत्रे, आकाशवाणी आणि वाहिन्यांमध्ये जे बदल झाले, त्यांतले बहुतेक या एका तफावतीतून निघाले आहेत.

प्रक्षेपणाच्या क्षेत्रात पूर्वी मक्तेदारी अधिकच पक्की होती, कारण रेडिओलहरींची संख्या मर्यादित असते आणि त्यांचे वाटप सरकारच्या हाती होते. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ती खासगी कंपनी तीन वर्षांतच बुडाली आणि प्रक्षेपण सरकारकडे गेले. १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला आले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यालाही दिसू लागले. त्या काळात संध्याकाळी सातच्या मराठी बातम्या हा घरोघरचा ठरलेला कार्यक्रम होता. प्रदीप भिडे यांच्यासारख्या निवेदकांचा आवाज आणि स्वच्छ उच्चार लोकांच्या ओळखीचे झाले. सात वाजता दूरचित्रवाणी संचासमोर बसायचे राहून गेले, तर सविस्तर बातमीसाठी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राची वाट पाहावी लागे. काय सांगायचे, किती सांगायचे आणि केव्हा सांगायचे हे सांगणारा ठरवत होता.

ही चौकट कायद्याने सैल झाली ती क्रिकेटच्या निमित्ताने. सामन्यांचे प्रक्षेपण करण्याचा हक्क कोणाचा, या वादात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल दिला. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिले. पुढे ते भारतीय प्रेस परिषदेचे अध्यक्ष झाले. उपग्रह वाहिन्या तोवर आलेल्याच होत्या, निकालाने त्या वाटेला वैचारिक आधार मिळाला. रेडिओवर मात्र ही वाट अर्धीच उघडली. खासगी एफएम केंद्रांना आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवण्याची तेवढी मुभा आहे. शेकडो खासगी वृत्तवाहिन्या चालतात, मोबाइल हाती असलेला कोणीही बातम्या सांगू शकतो, आणि रेडिओलाच मनाई, हे कोणत्याही तर्कात बसत नाही. ग्रामीण भागातल्या स्वस्त आणि स्थानिक बातमीचे एक सहज साधन या मनाईमुळे वापराविना पडून राहिले आहे.

मराठीत चोवीस तासांच्या बातम्या २००७ पासून रुळल्या. त्या वर्षी ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ या वाहिन्या आल्या. दुसरीचे नाव २०१२ मध्ये ‘एबीपी माझा’ झाले. २००८ मध्ये ‘आयबीएन लोकमत’ सुरू झाली. घटनास्थळी उभी राहणारी ओबी व्हॅन, हातात बूम माइक घेऊन बोलणारा प्रतिनिधी आणि पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी ही बातमीची नवी ओळख झाली. थेट प्रक्षेपणाची ताकद आणि तिचा धोका, दोन्ही लगेचच दिसून आले. २६ ते २९ नोव्हेंबर २००८ या काळात मुंबईवर दहशतवादी हल्ला चालू असताना वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या, आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते पाहून हल्लेखोरांना फोनवरून सूचना देत होते. जिवंत पकडलेला हल्लेखोर अजमल कसाब याच्या खटल्याच्या २०१२ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली. कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवता येते. त्याच हल्ल्यात सामान्य मुंबईकर ट्विटरवर रस्त्यांची स्थिती, रुग्णालयांचे पत्ते आणि रक्ताची गरज कळवत होते. पत्रकार नसलेल्या माणसाने घटनास्थळावरून जगाला काही कळवावे, हे भारतात इतक्या मोठ्या प्रमाणावर तेव्हा प्रथमच घडले.

मजकुराच्या बाजूने मराठीची गती सुरुवातीला मंद होती आणि त्याचे कारण तांत्रिक होते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. पण मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांवर प्रत्येकाचा फाँट वेगळा असे. तो आपल्या संगणकावर उतरवून घेतला नाही तर अक्षरांऐवजी चौकटी आणि चिन्हे दिसत. असा मजकूर शोधयंत्राला सापडत नसे आणि तो दुसऱ्याला पाठवून उपयोग नसे. युनिकोड हे सर्व लिप्यांचे सामाईक कोष्टक वापरात येऊ लागले तसा हा अडथळा दूर झाला. ही बाब किरकोळ वाटते, पण मराठी बातमी शोधता येणे, जपून ठेवता येणे आणि एका टिचकीत पुढे पाठवता येणे हे सगळे तिच्यामुळे शक्य झाले. स्मार्टफोनवर मराठी कळफलक आला आणि ज्यांनी कधी संगणकाला हात लावला नव्हता अशी माणसेही देवनागरीत लिहू लागली. त्यानंतर ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची मोबाइल सेवा सुरू झाली. दूरसंचार नियामकाच्या आकडेवारीनुसार २०१४ मध्ये एका जीबी डेटामागे सरासरी अडीचशेहून अधिक रुपये पडत. चार वर्षांत हा दर दहा-बारा रुपयांपर्यंत उतरला. चित्रफीत पाहणे ही चैन राहिली नाही. वाचण्यापेक्षा पाहणे आणि ऐकणे ज्यांना सोपे जाते, असा फार मोठा वर्ग त्यामुळे बातम्यांकडे वळला.

या बदलाने वर्तमानपत्राच्या वेळापत्रकाचे काय केले, हे २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्राने पाहिले. आदल्या संध्याकाळी शरद पवार यांनी मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर तीन पक्षांचे एकमत झाल्याचे सांगितले होते आणि बहुतेक दैनिकांनी तोच मथळा दिला. अंक दारात पडत असताना, सकाळी आठच्या सुमारास, राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. ज्यांच्या हातात वर्तमानपत्र होते, त्यांना खरी बातमी मोबाइलने सांगितली. दैनिकांचे काही चुकले नव्हते. अंक छपाईला गेला तेव्हा मथळा बरोबर होता. चोवीस तासांतून एकदा निघणाऱ्या माध्यमाची ती मर्यादा होती. अशा अनुभवांमुळे छापील अंकाचे काम हळूहळू बदलत गेले. काय घडले हे वाचकाला आधीच ठाऊक आहे असे धरून, ते का घडले आणि पुढे काय, हे सांगण्याकडे पहिल्या पानाचा कल वाढला. घटनेची पहिली खबर देण्याचे काम दैनिकाच्याच संकेतस्थळाकडे आणि समाजमाध्यमांवरच्या खात्यांकडे गेले. याच सत्तानाट्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचे थेट प्रक्षेपण करण्याचा आदेश दिला. चाचणी होण्याआधीच फडणवीस यांनी राजीनामा दिला, पण सभागृहातले मतदान लोकांना त्याच क्षणी दिसले पाहिजे ही अपेक्षा न्यायालयालाही वाटली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

अडीच वर्षांनी त्याच पदाच्या संदर्भात दुसरा बदल ठळक झाला. २९ जून २०२२ च्या रात्री उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा देत असल्याचे फेसबुक लाइव्हवरून जाहीर केले. करोनाच्या काळात राज्याला माहिती देण्यासाठी त्यांनी हीच पद्धत वापरली होती. वाहिन्यांनी फेसबुकवरचे ते चित्र उचलून जसेच्या तसे दाखवले. राजकीय नेते, अभिनेते, खेळाडू आणि उद्योगपती यांना लोकांपर्यंत जाण्यासाठी आता वार्ताहराची गरज उरलेली नाही. त्याचा फायदा असा की बोलणाऱ्याचे पूर्ण म्हणणे काटछाट न होता पोहोचते. तोटा त्याहून मोठा आहे, कारण अशा निवेदनात प्रश्न विचारणारे कोणी नसते. पत्रकार परिषदेत गैरसोयीचा प्रश्न विचारण्याची जागा असते. एकतर्फी प्रसारणात ती नाहीशी होते, आणि वाहिनी ते फुकटचे चित्र दाखवण्यात समाधान मानते. उलट दिशेचे एक उदाहरणही इथे नोंदवले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांपुढील सुनावण्यांचे थेट प्रसारण सुरू केले आणि पहिल्याच दिवशी दाखवलेल्या प्रकरणांत महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचे प्रकरण होते. वकिलाने काय मांडले आणि न्यायमूर्तींनी काय विचारले, हे नागरिकाला स्वतःच्या कानांनी ऐकता आले. संस्थांनी आपले कामकाज खुले करण्यासाठी नवे माध्यम वापरले, तर ते किती उपकारक ठरते हे यावरून कळते.

बातमीदाराचे रोजचे काम या काळात पार बदलले. पूर्वी तालुक्याचा वार्ताहर दिवसभराच्या बातम्या संध्याकाळी फॅक्सने किंवा जिल्हा कार्यालयात जाऊन देत असे. आता घटना घडताच चार ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर, मग संकेतस्थळासाठी बातमी, मग चित्रफीत, मग उभ्या चौकटीतली छोटी रील आणि रात्री छापील अंकासाठी सविस्तर मजकूर अशी एकाच माणसाकडून अपेक्षा असते. ओबी व्हॅनचे काम अनेक सिमकार्डे जोडणारी पाठपिशवी करते, आणि तीही नसेल तर साधा मोबाइल. कार्यालयात उपसंपादकाच्या शेजारी आता समाजमाध्यमांचा डेस्क असतो. कोणता शब्द शोधला जातो आहे, थंबनेलवर कोणाचा चेहरा ठेवायचा, मथळा कुठे तोडायचा म्हणजे लोक उघडून पाहतील, याचा विचार तिथे सतत चालतो. या घाईत हाताबाहेर जाते ते दुसऱ्या माणसाचे वाचन. छापील अंकात बातमी वार्ताहर, जिल्हा प्रतिनिधी, उपसंपादक आणि मुख्य उपसंपादक अशा तीन-चार नजरांखालून जात असे. संकेतस्थळावर ती अनेकदा एकाच नजरेखालून जाते. चूक सापडली तर मजकूर गुपचूप बदलला जातो आणि आधी काय लिहिले होते याचा माग उरत नाही. दुरुस्ती ठळकपणे नोंदवण्याची शिस्त मराठी संकेतस्थळांनी अजून पुरेशी अंगी बाणवलेली नाही.

आर्थिक गणित बिघडले ते आधी छोट्या जाहिरातींपासून. लग्न, नोकरी, घर, जुनी गाडी या जाहिरातींची पाने दैनिकांचा भक्कम आधार होती. त्या एकेक करून विवाह, नोकरी आणि खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळांकडे गेल्या. नंतर मोठ्या जाहिरातदारांचा पैसा गूगल आणि फेसबुककडे वळला, कारण तिथे कोणत्या वयाच्या, कोणत्या गावच्या माणसाला जाहिरात दाखवायची हे ठरवता येते. दैनिकाचा अंक उत्पादन खर्चापेक्षा कमी किमतीत विकायचा आणि फरक जाहिरातींतून भरायचा, ही भारतातली रूढ पद्धत असल्यामुळे हा फटका खोल गेला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा मुंबईत अंकांचे वितरण थांबले. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरपोच वितरणावर काही काळ बंदी घातली. त्या आठवड्यांत दैनिकांच्या पीडीएफ प्रती व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फुकट फिरू लागल्या. प्रकाशकांनी ते बेकायदा असल्याचे बजावले, पण पैसे न देता वर्तमानपत्र वाचण्याची सवय लागली ती लागलीच.

या तुटीचा भार सर्वांत जास्त पडतो तो तालुका पातळीवर. महाराष्ट्रात तालुक्याचा वार्ताहर हा बहुधा पगारी नोकर नसतो. त्याला जुजबी मानधन असते आणि खरी कमाई स्थानिक जाहिरातींवरच्या कमिशनची: स्वातंत्र्यदिनाची पुरवणी, दिवाळी, पुढाऱ्याचा वाढदिवस. ज्या पतसंस्थेच्या किंवा साखर कारखान्याच्या कारभाराची बातमी द्यायची, त्याच्याकडेच जाहिरात मागायला जायचे, ही अडचण जुनी आहे. तिचे सर्वांत उघड रूप २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर दिसले. पैसे घेऊन छापलेल्या प्रचाराला बातमीचा वेष दिल्याचे प्रकार पत्रकार पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले आणि प्रेस परिषदेला चौकशी करावी लागली. म्हणजे विकाऊ बातमी समाजमाध्यमांनी जन्माला घातली नाही. पण जाहिरातींचा मोठा प्रवाह आटल्यावर छोट्या, स्थानिक आणि हितसंबंधी जाहिरातींवरचे अवलंबित्व वाढते, आणि अशा वेळी पंचायत समितीच्या बैठकीत काय ठरले, पाणीयोजनेचे बिल कोणाला गेले, हे विचारणारा माणूस सर्वांत आधी कमी होतो. मुंबईतल्या राजकीय भांडणाची चित्रफीत पन्नास ठिकाणी सापडते; तालुक्यातल्या बंद पडलेल्या ग्रामीण रुग्णालयाची बातमी एकाही ठिकाणी सापडत नाही, असे त्यामुळे घडते.

यूट्यूब, फेसबुक यांसारख्या मंचांकडून जो मोबदला मिळतो तो मंचांनीच ठरवलेला असतो. यूट्यूब मोठ्या चित्रफितींवरच्या जाहिरातींचा ५५ टक्के वाटा निर्मात्याला देते, पण जाहिरातीचा दर भाषेप्रमाणे आणि प्रेक्षकाच्या खिशाप्रमाणे बदलतो आणि मराठीला तो इंग्रजीपेक्षा कमी मिळतो. शिवाय नियम एका रात्रीत बदलू शकतात. फेसबुकने चित्रफितींना प्राधान्य दिले तेव्हा जगभरच्या वृत्तसंस्थांनी लेखक कमी करून चित्रफितींची पथके उभारली. चित्रफीत सरासरी किती वेळ पाहिली जाते याचा आकडा आपण फुगवून दाखवला होता, हे फेसबुकने सप्टेंबर २०१६ मध्ये मान्य केले. जानेवारी २०१८ मध्ये त्याच कंपनीने वृत्तसंस्थांचा मजकूर मागे सारून मित्र-नातलगांच्या नोंदी पुढे आणल्या आणि अनेक संकेतस्थळांचे वाचक घटले. बातम्यांबद्दल मंचांनी पैसे द्यावेत असा कायदा ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये केला, तेव्हा फेसबुकने काही दिवस तिथल्या बातम्याच बंद केल्या. कॅनडाने २०२३ मध्ये तसाच कायदा केल्यावर फेसबुकची मालक कंपनी मेटाने तिथे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून बातम्या काढून टाकल्या. भारतात प्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या व्यवहारांची चौकशी सुरू केली.

लोक काय पाहतात हे मोजण्याची रीतही बदलली आणि तिचा परिणाम मजकुरावर झाला. दूरचित्रवाणीचा टीआरपी निवडक घरांतल्या यंत्रांवरून काढला जातो. हा नमुना देशाच्या मानाने लहान असल्यामुळे त्यात ढवळाढवळ करण्याचा मोह होतो; ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी अशा गैरव्यवहाराचा आरोप ठेवून तपास सुरू केला आणि वृत्तवाहिन्यांची गुणांकने मार्च २०२२ पर्यंत थांबवण्यात आली. डिजिटल माध्यमात प्रत्येक टिचकी मोजली जाते, आणि ती मोजदाद संपादकाच्या टेबलावर क्षणोक्षणी दिसत राहते. कोणत्या वाक्याला प्रेक्षक निघून गेला हेही कळते. ही माहिती उपयोगी आहे, पण तिच्यावर विसंबून विषय निवडले की भांडण, भीती आणि प्रसिद्ध माणसांचे खासगी आयुष्य वर येते. दुष्काळाच्या तयारीचा आढावा कधीच सर्वाधिक पाहिला जात नाही, तरी तो द्यावा लागतो. त्यासाठी आकड्यांना बाजूला ठेवू शकणारा संपादक लागतो.

पारखणीची व्यवस्था मोडली की काय होते, याची किंमत महाराष्ट्राने माणसांच्या जिवाने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजार होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश आणि चित्रफिती त्या भागात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने संशयावरून पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि मारून टाकले. त्या काळात देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरून मूल उचलून नेताना दिसते. मुलांच्या सुरक्षिततेसाठी कराचीत तयार केलेल्या जनजागृतीपर जाहिरातीतला तो तुकडा होता आणि शेवटचा खुलासा कापून टाकलेला होता. त्या जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, पुढे पाठवलेल्या संदेशावर तसा शिक्का दाखवायला सुरुवात केली आणि खोट्या माहितीपासून सावध करण्यासाठी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. संदेश कूटबद्ध असल्यामुळे तो कोणी प्रथम पाठवला आणि कुठवर गेला, हे बाहेरच्या कोणाला दिसत नाही. म्हणून अशा अफवेचा प्रतिवाद करणे वर्तमानपत्रातल्या चुकीपेक्षा कितीतरी कठीण असते. छापलेली चूक सर्वांसमोर असते, खासगी गटातली नसते.

अफवा पसरवण्यात व्यावसायिक माध्यमांचाही वाटा आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदीनंतर नव्या दोन हजारांच्या नोटेत नॅनो चिप असून ती जमिनीखालीही शोधता येते, ही व्हॉट्सअ‍ॅपवरची कहाणी काही राष्ट्रीय वाहिन्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितली. रिझर्व्ह बँकेला असे काही नसल्याचे स्पष्ट करावे लागले. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षाच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या काही वाहिन्यांनी दिल्या. तसे घडलेले नव्हते. समाजमाध्यमावर काही दिसते, वाहिनी ते दाखवते, आणि वाहिनीने दाखवले म्हणून ते समाजमाध्यमावर पुन्हा पुरावा म्हणून फिरते. मुंबईतील ‘बूम’ आणि अहमदाबादेतील ‘ऑल्ट न्यूज’ यांसारख्या संस्था छायाचित्राचे मूळ शोधणे, चित्रफितीतल्या पाट्या आणि सावल्या तपासणे, जुन्या घटनेशी पडताळणे हे काम रोज करतात. पूर्वी बातमी छापण्याआधी होणारी ही तपासणी आता ती लाखोंपर्यंत पोहोचल्यावर होते, आणि खुलासा मूळ अफवेइतका दूर जात नाही.

कायद्याने या नव्या क्षेत्राला आवर घालण्याचे प्रयत्न झाले आणि त्यांविरुद्धच्या अनेक लढाया महाराष्ट्रातून उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदविषयीच्या फेसबुकवरील नोंदीवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्या प्रकरणातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ ला आव्हान दिले गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने डिजिटल वृत्तमाध्यमांसाठी आचारसंहिता आणि तीन स्तरांची तक्रार यंत्रणा आणली; तिच्यातल्या महत्त्वाच्या पोटनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीची कोणती माहिती खोटी हे सरकारी कक्षाने ठरवावे, अशी २०२३ ची दुरुस्तीही याच न्यायालयात टिकली नाही. दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्यावर तिसरे न्यायमूर्ती ए. एस. चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरवली. खोट्या बातम्यांचा प्रश्न खरा आहे, परंतु ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्यालाच खऱ्याखोट्याचा निवाडा सोपवणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

स्वस्त पोहोचेने जे चांगले दिले तेही मोठे आहे. मुंबईतून चालणारे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केले. ग्रामीण श्रमिक, कारागीर, ऊसतोड मजूर, आदिवासी यांच्या जगण्याचे दीर्घ वृत्तान्त ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत देते. इतका विस्तार एखाद्या दैनिकाच्या पानात बसला नसता. बीबीसीची मराठी सेवा २ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाली ती केवळ डिजिटल स्वरूपात. त्याच संस्थेने जानेवारी २०२० अखेर हिंदीतले लघुलहरींवरचे प्रसारण बंद केले, यावरून वाऱ्याची दिशा कळते. ‘बोल भिडू’सारख्या यूट्यूब वाहिन्यांनी बोलीभाषेच्या जवळ जाणाऱ्या मराठीत इतिहास, राजकारण आणि अर्थकारण समजावून सांगत तरुण प्रेक्षक मिळवला. मोठ्या वाहिन्यांतून बाहेर पडलेल्या पत्रकारांना स्वतःचे व्यासपीठ मिळाले. लासलगावच्या बाजारातला कांद्याचा भाव शेतकऱ्याला लिलाव चालू असतानाच गावात कळतो. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी माणसाला गावाकडची बातमी गावातल्या माणसाबरोबरच मिळते. आकाशवाणीचे प्रादेशिक बातमीपत्रही ‘न्यूजऑनएअर’ अ‍ॅपवर जगात कुठेही ऐकता येते. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हा स्वतःचा ओटीटी मंच सुरू केला.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे पोहोचवण्याबरोबर मजकूर तयार करण्याचा खर्चही घसरू लागला आहे. ‘डीडी किसान’ने मे २०२४ मध्ये यंत्रनिर्मित निवेदक पडद्यावर आणले. भाषांतर, ध्वनिमुद्रणाचे लेखन, मथळ्याचे पर्याय ही कामे यंत्र क्षणात करते, आणि एखाद्या नेत्याच्या तोंडी त्याने न उच्चारलेली वाक्येही घालू शकते. शोधयंत्रे प्रश्नाचे उत्तर बातम्यांतून गोळा करून स्वतःच्याच पानावर देऊ लागल्यामुळे मूळ संकेतस्थळावर जाणारा वाचकही घटतो. हे उत्तर ज्या बातम्यांवर उभे असते त्या मात्र कोणीतरी जागेवर जाऊन मिळवलेल्या असतात. एएनआय या वृत्तसंस्थेने आपला मजकूर परवानगीविना वापरल्याबद्दल चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेनेही त्यात आपले म्हणणे मांडण्याची परवानगी मागितली. यंत्राला शिकवण्यासाठी बातमी वापरायची तर बातमीदाराच्या संस्थेला मोबदला द्यावा लागेल का, हा त्या दाव्यातला मुख्य प्रश्न आहे.